मैत्रिणींशी गप्पा आणि अडकलेला अर्धा बँड

मिरजेच्या एका नर्सताईंचा प्रश्न थोडक्यात असा: यूकेला जायचंय, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन सगळं जमलं, पण स्पीकिंगला, म्हणजे बोलण्याच्या भागाला, 6.5 बँड (या परीक्षेत गुणांना बँड म्हणतात) आले. तिथल्या नर्सिंग नोंदणीसाठी स्पीकिंगला 7 लागतात. त्यातही त्या अडखळल्या कुठे, तर ‘मैत्रिणींशी गप्पा मारायला आवडतात का’ यावर. क्लासने दिलेली उत्तरं तोंडपाठ होती. तीन आठवड्यांनी पुन्हा परीक्षा आहे, आता रोज काय करू?

ताई, मी ही परीक्षा स्वतः दोनदा दिली आहे, आणि गेली आठ-नऊ वर्षं ओळखीपाळखीतल्या मुलींची, बहुतेक नर्सच, फोनवरून तयारी करून घेते. त्यामुळे स्पष्टच सांगते. तोंडपाठ उत्तरांमुळेच तुम्ही अडखळलात.

माझ्या पहिल्या वेळी मीही असंच ‘फ्रेंडशिप’वर एक झकास उत्तर घोकून गेले होते. सुरुवात ‘मॅन इज अ सोशल ॲनिमल’. तिसऱ्या वाक्याला परीक्षकबाईंनी ‘थँक यू’ म्हणून पुढचा प्रश्न टाकला. मला वाटलं, संपलं. पुढची दोन उत्तरं त्या धक्क्यातच गेली. नंतर कळलं की मध्येच तोडणं ही काही शिक्षा नसते. स्पीकिंगचे तीन भाग असतात. पहिला 4 ते 5 मिनिटांचा, त्यात दहा-बारा प्रश्न उरकायचे असतात, म्हणजे एका उत्तराच्या वाट्याला फार तर वीस-पंचवीस सेकंद येतात. पण घोकलेलं लगेच ओळखू येतं, हेही खरं. नाव-गाव सांगताना आपण चाचपडत असतो आणि गप्पांचा विषय निघाला की एकदम वक्तृत्व स्पर्धा सुरू होते. दिवसभर तेच ऐकणाऱ्या माणसाला ते कळणार नाही का?

6.5 म्हणजे काय, तेही बघा. ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार अशा चार गोष्टींना सारखंच वजन असतं. दोन ठिकाणी 7 आणि दोन ठिकाणी 6 मिळाले की 6.5 होतात. म्हणजे तुमचं इंग्रजी वाईट नाही, कुठेतरी दोन ठिकाणी गळती आहे. तुमचं बोलणं मी ऐकलेलं नाही, पण या विषयावर आपल्या मुली नेमक्या कुठे गळतात ते मला पाठ झालंय.

पहिली गळती शब्दातच. ‘गप्पा’ला आपण बेधडक ‘गॉसिप’ म्हणतो. ‘आय लाइक गॉसिपिंग विथ माय फ्रेंड्स’. इंग्रजीत गॉसिप म्हणजे आपल्या कुचाळक्या, तिसऱ्या माणसाच्या पाठीमागे केलेल्या. रुग्णांच्या गोष्टी पोटात ठेवायची जिची नोकरी, तिने हे आनंदाने सांगावं म्हणजे जरा मौजच. तुम्हाला हवा असलेला शब्द ‘चॅट’. पण तिथेही एक खड्डा आहे. आपल्याकडे चॅट म्हणजे व्हॉट्सॲपवर टाइप करणं. त्यामुळे प्रश्न ऐकला की मुली थेट मोबाइलवर घसरतात, आणि मग ‘समोरासमोर बोलायला आवडतं की मेसेजवर’ असा प्रश्न आला की सांगायला काही उरत नाही. इंग्रजीत समोर बसून मारलेल्या गप्पाही चॅटच. खूप दिवसांनी भेटून ख्यालीखुशाली सांगणं म्हणजे ‘कॅच अप’. लिफ्टमध्ये हवापाण्याचं बोलणं म्हणजे ‘स्मॉल टॉक’. एवढे तीन शब्द जागच्या जागी बसले तरी पुष्कळ. दहा अवघड म्हणी कोंबायला जाऊ नका. लग्नात भाड्याने आणलेल्या दागिन्यांसारख्या त्या लांबूनच ओळखू येतात.

दुसरी गळती ‘यूज्ड टु’ची, आणि ही फार महाग पडते. ‘आय यूज्ड टु चॅट विथ माय फ्रेंड्स एव्हरी इव्हनिंग’ हे मी शेकडो वेळा ऐकलंय. मुलीला म्हणायचं असतं, रोज संध्याकाळी मी गप्पा मारत असते. ऐकणाऱ्याला कळतं, पूर्वी मारत असे, आता नाही. ‘असते’ आणि ‘असे’ यांची गल्लत आपण मराठीत कधी करत नाही, मग इंग्रजीत का करावी? रोजच्या गोष्टीला साधं ‘आय चॅट’, फार तर ‘आय युज्वली चॅट’. ‘यूज्ड टु’ राखून ठेवा खऱ्या जुन्या गोष्टीसाठी: हॉस्टेलवर असताना आम्ही गच्चीत बसायचो, आता सगळ्या पांगल्या. तिथे ते वाक्य शोभतं आणि व्याकरणाची विविधताही दिसते.

मग ‘माझी एक मैत्रीण’. तिचं ‘माय वन फ्रेंड’ होतं. इंग्रजीत तिला ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ म्हणतात. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नको. ‘शी सेड मी’ नाही, ‘शी टोल्ड मी’. या तिन्ही चुका एका कागदावर लिहून आरशाला चिकटवा. दात घासताना वाचल्या तरी चालेल.

आता सराव. सुरुवात मराठीतूनच करायची. तुमच्या गप्पा कुठे होतात, कोणाशी, कशावरून? एका मुलीला मी हे विचारलं तेव्हा ती आधी म्हणाली, ‘असंच, सगळ्यावर.’ खोदून विचारल्यावर निघालं की नाइट ड्यूटी संपली की वॉर्डमधल्या तिघी जणी समोरच्या टपरीवर चहाला थांबतात. दहा मिनिटं म्हणून उभ्या राहतात आणि पाऊण तास जातो. विषय एकच, पुढच्या महिन्याच्या ड्यूट्या आणि रविवारची सुट्टी कोणी पटकावली. झालं की उत्तर! ते तिने इंग्रजीत असं मांडलं:

‘येस, अ लॉट. देअर आर थ्री ऑफ अस ऑन द सेम वॉर्ड, अँड आफ्टर अ नाइट शिफ्ट वी स्टॉप ॲट द टी स्टॉल अक्रॉस द रोड. इट्स सपोज्ड टु बी टेन मिनिट्स, बट इट नेव्हर इज.’

यात अवघड शब्द एकही नाही. पण आधी सरळ उत्तर आलं, मग जागा, माणसं, आणि शेवटी थोडी गंमत. शिवाय हे तिचं स्वतःचं असल्यामुळे आठवावं लागलं नाही. परीक्षकाला ‘का’ म्हणून आणखी खोदायचं असेल तर खोदू दे, टपरी तर खरीच आहे ना. कशावर बोलता, असं विचारलं तर ‘मोस्टली द रोटा’. ड्यूटीच्या तक्त्याला यूकेत ‘रोटा’ म्हणतात, पुढे कामावरही रोज लागणारा शब्द.

हे पाठ करू नका हं! टपरी तिची आहे, तुमची वेगळी असेल. कदाचित एसटी स्टँड असेल, कदाचित वसतिगृहाचा जिना.

रोज तीन प्रश्न घ्यायचे. आवडतं का, कशावर बोलता, एकीशी की घोळक्यात, समोरासमोर की फोनवर, कधी वाद होतात का, एवढीच या विषयाची वस्ती. लिहायचं नाही. फोनवर रेकॉर्ड करायचं, पंचवीस सेकंद. लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी ऐका, कारण ताजं ताजं ऐकलं की आपण स्वतःला माफ करतो. ऐकताना दोनच गोष्टी मोजा: मुद्द्याचा पहिला शब्द यायला किती वेळ लागला, आणि ‘ॲक्च्युअली’ किती वेळा आलं. एका मुलीच्या अर्ध्या मिनिटात ते सात वेळा होतं. मराठीत आपण ‘म्हणजे’ म्हणून दम घेतो, तसं इंग्रजीत ‘आय मीन’ आहे, ‘वेल’ आहे, ‘लेट मी थिंक’ आहे. आलटून पालटून वापरा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, त्याने मार्क जात नाहीत. अंदाजाने भलतंच बोलण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आणि तिसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा घेतलात तर उत्तरातला प्रसंग बदला. प्रश्न तोच, टपरीऐवजी फोनवरची बहीण. उत्तर घट्ट बसायला लागलं की ते पाठांतर झालं, आणि आपण पुन्हा ‘सोशल ॲनिमल’पाशी.

घोळक्यात की एकीशी, या प्रश्नाला ‘डिपेंड्स’ म्हणायला घाबरू नका, फक्त तिथेच थांबू नका. ‘इफ आय हॅव हॅड अ बॅड डे, आय वुड रादर टॉक टु जस्ट वन पर्सन.’ एका वाक्यात अट आली, पसंती आली, आणि माणूसही दिसला. व्याकरणाचा बँड असल्या वाक्यांनी वर जातो, लांबलचक वाक्यांनी नाही.

उच्चारांचं फार मनावर घेऊ नका. मराठी वळणाचे उच्चार आहेत म्हणून मार्क कापत नाहीत, समजायला त्रास झाला तर जातात. आपल्या लोकांचा ‘व’ आणि ‘व्ह’ मात्र तपासा. लिहिताना आपण ‘वॉर्ड’ आणि ‘व्हिजिट’ नीट वेगळे लिहितो, बोलताना दोन्हीला एकच ‘व’. ‘व्हिजिट’ला वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, ‘वॉर्ड’ला शिट्टी वाजवतो तसा ओठांचा गोल. आणि वेग कमी करा. नाइट ड्यूटीचं हँडओव्हर देतो तसं भराभरा नको.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून फार लिहीत नाही. एवढंच लक्षात असू द्या की तिसऱ्या भागात हाच विषय ‘मोबाइलमुळे लोकांचं बोलणं कमी झालंय का’ असा मोठा होऊन येऊ शकतो, आणि तिथे ‘मी’ सोडून ‘लोक’वर यावं लागतं. टपरी तिथे उदाहरणापुरती.

काही केंद्रांवर परीक्षक समोर बसलेला नसतो, व्हिडिओ कॉलवर असतो. तुमच्या केंद्रावर तसं असेल तर शेवटचे चार दिवस मैत्रिणीला व्हिडिओ कॉल करून सराव करा. पडद्यावरच्या माणसाशी बोलताना उत्तर संपलं की नाही हे समोरच्याला कळत नाही, म्हणून शेवटच्या शब्दाला आवाज खाली आणून थांबायची सवय लावा.

आज ड्यूटी सुटल्यावर मैत्रिणींबरोबर चहाला थांबलात तर जरा कान देऊन ऐका, तुम्ही तिघी-चौघी नेमकं काय बोलता. पैसे कोणी द्यायचे यावरून रोज वाद होत असेल तर तोही लक्षात ठेवा. ‘मैत्रिणींशी कधी भांडता का’ हा प्रश्न यायचाच आहे.