पत्रा, डक्ट आणि अडकलेलं पेमेंट: वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याच्या तोंडावर डक्टिंग (हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांचं काम) अन् पत्र्याच्या धंद्यावरचे प्रश्न बरेच आलेत. सारखे होते ते एकत्र केले, उरलेल्यांतले काही इथे घेतोय.

प्रश्न: सर, वाळूजला माझं डक्टिंगचं छोटं वर्कशॉप आहे. पुण्याचे एचव्हीएसी (एसी अन् हवा खेळवायच्या कामाचे) काँट्रॅक्टर इकडच्या कंपन्यांची कामं घेतात अन् डक्टचं काम आम्हाला सब काँट्रॅक्टमध्ये देतात. काम भरपूर आहे, टर्नओव्हर पण वाढला, पण हातात निस्ता भोपळा. पत्रेवाला रोज फोन करायलाय. आता एक जण म्हणायलाय ऑटो डक्ट लाईन (डक्ट आपोआप बनवणारी मशीन) घे, लोन मिळतंय, स्पीड वाढला की रेट परवडतो. घेऊ का?
– वाळूज, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: नका घेऊ, निदान यंदा तरी. तुमचं काम कुठं अडलेलंच नाही, अडलेत ते पैसे. मशीन आणली की काम पटापट होईल, म्हणजे पैसे पण पटापट अडकतील अन् वर हप्ता चालू.

आधी एक साधा हिशोब करा. समजा महिन्याला ८ लाखाचं बिल जातंय अन् पेमेंट सरासरी अडीच महिन्यांनी येतंय, म्हणजे कायम २० लाख दुसऱ्याच्या खिशात. त्यात ५ टक्के रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम), वर्षभराची डिफेक्ट लायबिलिटी (कामात खोट निघाली तर जबाबदारी तुमची), म्हणजे ९६ लाखाच्या कामावर अजून ४ लाख ८० हजार अडकले. अन् तुम्हाला पत्रेवाल्याला द्यायचे पंधरा दिवसांत, पोरांना दर शनिवारी. हा मधला खड्डा बुजवायला जेवढं भांडवल आहे तेवढंच काम घ्यायचं असतं, जास्तीचं काम घेतलं की माणूस टर्नओव्हर वाढवत वाढवत बुडतो, अन् गंमत म्हणजे शेवटपर्यंत लोक म्हणतात भाऊचं लई जोरात चाललंय.

आता रेटकडं या, कारण खरी गळती मला तिथं वाटते. तुम्ही रेट लिहिला नाही पण बहुतेक सब काँट्रॅक्टर सरसकट एकच रेट देतात, स्क्वेअर मीटरला अमुक. यात मार कसा बसतो बघा. ड्रॉइंगमध्ये ७०० बाय ४०० एमएमचं डक्ट आहे. साईटवर बीम आडवा आला, इंजिनिअर म्हणाला ८०० बाय ३५० करून टाका, एरिया तोच राहतो. हवा जायचा एरिया तोच राहतो, खरंय. पण आयएस ६५५ (डक्टचं भारतीय स्टँडर्ड) प्रमाणे मोठी बाजू ७५० एमएमपर्यंत असेल तर ०.६३ एमएम म्हणजे २४ गेज चालतो, त्याच्या वर १५०० पर्यंत ०.८० एमएम म्हणजे २२ गेज लागतो. २४ गेजचा पत्रा स्क्वेअर मीटरला साधारण ५ किलो, २२ चा सव्वासहा. म्हणजे पहिल्या डक्टला मीटरमागं ११ किलोच्या आसपास पत्रा, दुसऱ्याला साडेचौदाच्या जवळ. एका तोंडी "करून टाका" मध्ये तुमचा पत्रा एक तृतीयांश वाढला अन् बिलात वाढलं किती, तर मीटरला २.२ चं २.३ स्क्वेअर मीटर. म्हणून रेट गेजप्रमाणे वेगवेगळा द्या, अन् साईझ बदलला की त्याच दिवशी इंजिनिअरला मेल नाहीतर व्हॉट्सअॅप टाका, फोनवरच्या बोलण्याला बिलाच्या वेळी कोणी ओळखत नाही.

हे किलो पण कागदावरचे. लॉक, फ्लँज, कटिंगचं भंगार धरलं तर पंधरा-वीस टक्के जास्त आणावा लागतो, एल्बो (वळणाचा तुकडा) अन् रेड्युसर (मोठ्याचं लहान करणारा तुकडा) जास्त असतील तर अजून. एल्बो कसा मोजायचा, रेड्युसर मोठ्या तोंडानं धरायचा का सरासरीनं, हे ऑर्डर घेतानाच लिहून घ्या. अन् पत्र्याची गाडी खाली करताना काठाला मायक्रोमीटर लावा. २४ गेज म्हणून ०.५५ चा पत्रा येतो, कन्सल्टंटनं साईटवर पकडला तर उतरवायचा खर्च तुमचा, पत्रेवाला तेव्हा फोन उचलत नाही.

जॉइंट मेजरमेंट, म्हणजे तुम्ही अन् इंजिनिअरनं मिळून मोजणी, फॉल्स सीलिंग लागायच्या आधी. हे मी दोनदा लिहिलं असतं जागा असती तर. सीलिंग लागलं की तुमचं डक्ट कोणाला दिसत नाही, मग बिल "ड्रॉइंगप्रमाणे" कापतात, वाढलेले तुकडे, जास्तीचे कॉलर (फाट्याची तोंडं), डॅम्पर (हवा कमी-जास्त करायची झडप) सगळं गेलं. दर आठवड्याला टेप घेऊन इंजिनिअरला शिडीवर चढवा, डायरीत लिहा, तिथंच सही घ्या. तो म्हणतो नंतर बघू, तर तुम्ही म्हणा आत्ताच बघू.

उद्यम रजिस्ट्रेशन नसेल तर करून घ्या, फुकट होतं. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लघु-सूक्ष्म उद्योगाचं पेमेंट लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचं असतं, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज. पण एक गोम आहे, मटेरियल अन् लेबर एकत्र असलेल्या वर्क्स काँट्रॅक्टला हा कायदा लागतो का यावर कोर्टात वाद झालेत, त्यामुळं याच्या भरवशावर बसू नका, सीएला विचारा. त्यापेक्षा पीओमध्येच (परचेस ऑर्डर) सप्लाय अन् इन्स्टॉलेशन वेगळ्या ओळीत मागा, अन् डक्ट साईटवर उतरलं की सप्लायचे ६०-७० टक्के. पुण्याचा काँट्रॅक्टर सुरुवातीला नाही म्हणेल. जो दोन वर्षं तुमच्याकडून काम करून घेतोय तो शेवटी थोडंफार मानतो, अन् जो काहीच मानत नाही त्याचं काम सोडायची हीच वेळ.

हे सगळं जमून सहा महिने झाले अन् पोरं ओव्हरटाईम करूनही डिलिव्हरी चुकायली, तेव्हा मशीनचं बघा. तेव्हा पण आधी लॉक फॉर्मर (पत्र्याच्या जोडाची घडी पाडणारी मशीन) अन् चांगलं फोल्डिंग मशीन. पूर्ण लाईनला कॉइल (पत्र्याचा रोल) टनांत उचलावी लागते, म्हणजे परत भांडवल. स्क्वेअर मीटरमागं मजुरी किती वाचते गुणिले महिन्याचे स्क्वेअर मीटर, हा आकडा मंदीच्या महिन्यात पण हप्त्याच्या वर राहिला पाहिजे.

प्रश्न: आमच्या वडलांचं पत्र्याचं दुकान आहे, कोठ्या, पेट्या अन् उन्हाळ्यात कूलरच्या बॉड्या. मला मंगल कार्यालयांना डक्टवाले मोठे कूलर बसवायचेत. एसीचं काम येत नाही. जमेल का?
– लातूर

उत्तर: जमेल, अन् आपल्या भागाला हेच शोभतं. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की पाण्यावरचा कूलर चांगला गारवा देतो, एसीच्या मानानं विजेचं बिल किरकोळ.

फक्त अंदाजानं बसवू नका. १०० बाय ६० फुटाचा हॉल, उंची १५, म्हणजे ९० हजार घनफूट. तासाला वीस वेळा तरी हवा बदलली पाहिजे, म्हणजे १८ लाख, भागिले ६०, ३० हजार सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). मेन डक्टमध्ये वेग १५०० फूट मिनिटाला धरला तर २० स्क्वेअर फूट तोंड लागतं, दोन बाजूंनी दोन डक्ट टाका, ४ बाय अडीचचे. याच्यापेक्षा बारीक केलं तर आवाजात मंगलाष्टकं ऐकू येणार नाहीत. ब्लोअर अन् डक्टच्या मध्ये कॅनव्हास लावा, नाहीतर थरथर पूर्ण हॉलभर.

दोन गोष्टींवर ही कामं बोंबलतात. एक म्हणजे हवा बाहेर जायला वाटच नसते. मालक दारं-खिडक्या बंद करतो, एसीची सवय, अन् तासाभरात आत दमट कोंडवाडा. जेवढी आत तेवढी बाहेर गेली पाहिजे, खिडक्या उघड्या नाहीतर एक्झॉस्ट फॅन. दुसरं पाणी. ३० हजार सीएफएमचा सेट भर उन्हात तासाला अडीचशे ते तीनशे लिटर पाणी नुसतं वाफेत घालवतो. आठ तासांच्या लग्नाला दोन हजार लिटरच्या वर, अन् बोअरचं जड पाणी असलं तर पॅडवर क्षार बसू नये म्हणून थोडं सतत सोडून द्यावं लागतं ते वेगळं. ज्या लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं मालकाला हा आकडा आधीच सांगा, टाकी दाखवल्याशिवाय कोटेशन देऊ नका. जून लागला, आभाळ भरून आलं की कूलर काम करत नाही हे पण कोटेशनवर छापा. पैसे लग्नसराईच्या आत, तिथी संपल्या की मालक भेटत नाही.

प्रश्न: मिस्टर साईट बघतात, हिशोब माझ्याकडं आहे. बिल दिलं की पुढच्या महिन्यात जीएसटी भरावा लागतो, पार्टीचे पैसे तीन-तीन महिने येत नाहीत. १८ टक्के खिशातून भरायचे म्हणजे मरण आहे.
– नांदेड

उत्तर: ताई, कच्चं बिल अन् टॅक्स इन्व्हॉइस वेगळं ठेवा. महिन्याच्या कामाचं आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल द्या, मेजरमेंट तपासून पार्टीनं रक्कम सर्टिफाय केली की मगच टॅक्स इन्व्हॉइस. पीओमध्ये पेमेंटचे टप्पे तसे लिहिलेले पाहिजेत, इन्व्हॉइस किती दिवसांत काढायचं याचे नियम आहेत, ते सीएकडून एकदा समजून घ्या. पार्टीनं बिलातून कापलेल्या रकमेवर जीएसटी भरणं तरी थांबेल, ही चूक लई जणांची होते.

तुमच्या हातात एक दांडकं पण आहे. इन्व्हॉइसपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर पार्टीला तुमच्या बिलावरच्या जीएसटीचं घेतलेलं इनपुट क्रेडिट (स्वतःच्या जीएसटीतून मिळालेली वजावट) व्याजासकट परत करावं लागतं. चार महिने उलटले की त्यांच्या अकाउंट्सवाल्याला तारीख टाकून मेल करा, साहेबाला नाही, अकाउंट्सवाल्यालाच, त्याला ते बरोबर कळतं. अन् टीडीएस, मिस्टरांच्या नावावर धंदा असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २. कापला म्हणतात पण भरलेला नसतो, दर तिमाहीला २६ एएस (इन्कम टॅक्सकडचा तुमच्या टीडीएसचा उतारा) उघडून जुळवा.

प्रश्न: पोरगं तयार केलं की पुण्याला नाहीतर दुबईला पळतं. काय करावं?
– जालना

उत्तर: पळणारच, तिकडं पैसा आहे. पोरं बांधून ठेवायच्या नादी लागू नका, मार्किंग अन् डेव्हलपमेंट (कापायच्या आधी पत्र्यावर तुकड्याचा सपाट आकार) काढणारी दोन माणसं तेवढी धरून ठेवा, कारण एल्बोचा पत्रा तेच वाया घालवतात अन् तेच वाचवतात. त्यांना वाचलेल्या पत्र्यावर काहीतरी द्या. बाकी आयटीआयला शीट मेटल वर्करचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दरवर्षी तिथून दोन पोरं अप्रेंटिस घेत चला. दहा माणसं झाली की ईएसआय, वीस झाली की पीएफ, हे लपवू नका, मोठ्या कंपनीच्या गेटवर पास त्याशिवाय मिळत नाही.

प्रश्न: मेमध्ये बसवलेलं एसीचं डक्ट जूनमध्ये फॉल्स सीलिंगवर ठिबकायलंय. पत्रा लीक आहे का?
– धाराशिव

उत्तर: पत्रा नाही, इन्सुलेशन. मेमध्ये हवा कोरडी होती म्हणून लक्षात आलं नाही, पाऊस पडला, दमटपणा वाढला अन् गार पत्रा जिथं उघडा तिथं पाणी धरलं. फ्लँजचे जोड अन् हँगर आधी बघा, हँगरची पट्टी इन्सुलेशनच्या आतून घेऊन थेट पत्र्याला टेकवलेली असते, ती बाहेरून घ्यायची. ओल्यावर टेप मारू नका, सुटतो. एसी बंद ठेवून एक दिवस वाळू द्या, जुना नायट्राईलचा (इन्सुलेशनच्या रबराचा) तुकडा पूर्ण काढा अन् नवा सोल्युशननं चिकटवा.