वाचक विचारतात : करमाडपर्यंत पोचलो, पुढं पाय चालेनात

प्रश्न : काका, नमस्कार. मी २४ वर्षांचा, बदनापूर तालुक्यातला. फिटरचा आयटीआय केलाय. जालन्यात दोन वर्षं एका वर्कशॉपमध्ये होतो, ते काम सुटलं. आता शेंद्रा एमआयडीसीतल्या एका कंपनीनं सोमवारी मुलाखतीला बोलावलंय. आमचं गाव जालना रोडच्या उत्तरेला, फाट्यापासून ४ किलोमीटर आत. घरापासून कंपनीच्या गेटपर्यंत २३ किलोमीटर भरतात. मोटारसायकल नाही आणि त्यासाठी कर्ज काढायचं नाही. वडिलांची २२ इंची सायकल आहे. जमतं का बघावं म्हणून रविवारी जनावरांचं आवरून ११ ला निघालो. करमाडला पोचेपर्यंत गुडघे इतके दुखायला लागले की टेम्पोत सायकल टाकून परत आलो. घरचे म्हणतात, मुलाखतीलाही जाऊ नकोस. मित्र म्हणतो, समृद्धी महामार्गानं जा, लवकर पोचशील. काय करू?
– एक वाचक, बदनापूर तालुका

उत्तर : लेकरा, मुलाखतीला जा. हे आधी सांगतो, कारण रविवारच्या एका फेरीवर तू आणि तुझ्या घरच्यांनी नोकरीचा निकाल लावून टाकलाय असं पत्रावरून दिसतं. आणि समृद्धीचा विचार डोक्यातून काढ. तिथं सायकललाच काय, मोटारसायकललाही परवानगी नाही.

आता रविवारचं बघू. आषाढ चालू आहे. आपल्याकडं मिरगापासून वारं पश्चिमेचं, आणि दिवस जसा वर येतो तसा त्याचा जोर वाढतो. तू ११ ला निघालास, तोंड पश्चिमेला. त्यात जालन्याकडून संभाजीनगरकडं रस्ता थोडा थोडा चढतच जातो. एसटीत बसून ते जाणवत नाही, पायडल मारणाऱ्याला जाणवतं. सवय नसताना वारं आणि चढ दोन्ही अंगावर घेऊन तू १८ किलोमीटर गेलास. मला तर ते चांगलंच वाटलं. हेच वारं पहाटे ५ ला बरंच पडलेलं असतं. पहिली पाळी सुटल्यावर दुपारी परत निघशील तेव्हा ते पाठीशी असतं आणि रस्ता उतरता असतो. ऊनही सकाळी जाताना पाठीवर आणि येतानाही पाठीवर. तुझ्या गावाला ही दिशा लाभलीय. शेंद्र्याच्या पश्चिमेला राहणाऱ्यांना दोन्ही वेळा सूर्य डोळ्यांत घ्यावा लागतो.

गुडघ्याचं कारण मला वेगळं वाटतं. वडील सायकलवर बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकवत असतील, तर सीट खाली असणार. गावातल्या गावात ते बरं असतं, लांबच्या पल्ल्याला तेच गुडघ्यावर येतं. भिंतीला हात टेकून सीटवर बस, एक पायडल अगदी खाली घे आणि त्यावर टाच ठेव. गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. वाकलेला राहत असेल तर सीट वर घे, पण एकदम नको, दर दोन दिवसांनी बोटभर. चालवताना मात्र टाचेनं नाही, चवड्यानं पायडल मारायचं. हवा अंगठ्यानं दाबून बघ. मागचं टायर तुझ्या वजनानं बसत असेल तर प्रत्येक किलोमीटरला तू जास्तीची ताकद घालतोयस.

मी १९८६ ते १९९७ अशी ११ वर्षं करमाडजवळच्या खेड्यातून चिकलठाणा एमआयडीसीत सायकलनं गेलो. १६ किलोमीटर जायला, १६ यायला. टर्नर होतो. रस्ता तेव्हा चौपदरी नव्हता, ट्रक आला की सायकल खाली मातीत घ्यायची. पहिल्या दिवशी मी मजेत गेलो. दुसऱ्या दिवशी मांड्या आखडल्या, तरी गेलो. तिसऱ्या दिवशी ८ तास लेथवर उभा राहून निघालो आणि अर्ध्या वाटेत एका पुलाच्या कठड्यावर बसलो, तो उठवेना. घाम वाळून शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उठल्या होत्या. सकाळी पाच वाजता अर्धी भाकरी खाल्ली होती आणि दुपारचा डबा अर्धा परत आणला होता, कारण उन्हानं भूक लागली नव्हती. पलीकडून एक म्हातारा गाडीवान थांबला. काही न विचारता त्यानं फडक्यातला गूळ काढून हातावर ठेवला. पंधरा मिनिटांनी मी सायकलवर बसलो. माय दारात कंदील घेऊन उभी होती. त्या दिवसापासून खिशात गूळ-शेंगदाणे ठेवल्याशिवाय मी कधी घर सोडलं नाही. पाण्याच्या बाटलीत चिमूटभर मीठ आणि साखर. तूही तेच कर, आणि भूक लागायची वाट बघू नकोस, अर्ध्या वाटेत खा.

म्हणून तुझी परीक्षा रविवारची नाही, तिसऱ्या दिवसाची आहे. एकदा पोचणं कोणालाही जमतं. रोजचे ४६ म्हणजे महिन्याचे २६ दिवस धरले तर जवळपास १,२०० किलोमीटर. या सायकलवर ताशी १४–१५ चा वेग धर, जायला दीड तासाच्या वर, यायला तितकंच. वर पाळीचे ८ तास. मुलाखत झाल्यावर रुजू व्हायला काही दिवस मिळाले, तर आधी चार दिवस पहाटे निघून करमाडपर्यंत जाऊन ये. मग सलग तीन दिवस पूर्ण गेटपर्यंत, आणि परत आल्यावर झोपायचं नाही, शेतातलं उभ्याचं काम करायचं. तिसऱ्या संध्याकाळी गुडघा सुजला नाही आणि जेवण नीट गेलं, तर होकार देऊन टाक. नुसत्या मांड्या दुखत असतील तर त्या दहा-बारा दिवसांत बसतात. गुडघ्याच्या वाटीत टोचत असेल तर मात्र थांब, सीट पुन्हा तपास.

आता खरी अडचण, जी तू पत्रात लिहिली नाहीस. तुझे ते आतले ४ किलोमीटर. रस्ता पक्का असेल तर हा भाग सोडून दे. कच्चा असेल तर हायवेच्या १९ किलोमीटरपेक्षा मला त्याचीच काळजी आहे. काळ्या रानाचा चिखल चाक आणि मडगार्डच्या मधे भरतो, वर गवत-काड्या गुंडाळल्या जातात, आणि बघता बघता चाक फिरायचं बंद होतं. ढकलून ते पुढं जात नाही, घसटत जातं. मी आधी तुराटीनं चिखल काढायचो, ती मोडायची. मग मोडक्या खुरप्याचं पातं कॅरियरला बांधून ठेवलं. चाकाच्या वरून नाही, खालून, मडगार्डच्या दांड्यांच्या बाजूनं पातं घालायचं आणि चाक उलटं फिरवत चिखल सोडवायचा. पंचवीस पावलं गेलं की पुन्हा तेच. एका सकाळी मी सायकल खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आलो आणि पाळीला पाऊण तास उशिरा पोचलो. त्या दिवसाची हजेरी गेली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण चूक माझ्या मेहनतीत नव्हती. मग पावसाळ्याचे चार महिने सायकल फाट्यावरच्या हॉटेलात ठेवायला लागलो. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत वर, गावापासून फाट्यापर्यंत पायी, तिथं पाय धुऊन सायकलवर. तुझ्या फाट्यावर चहाचं हॉटेल किंवा पंक्चरचं दुकान असेलच. मालकाशी आजच बोल, महिन्याला काय द्यायचं ते ठरव. चालण्याचे ४५ मिनिटं त्या दिवसांत हिशोबात धर. उन्हाळ्यात या वाटेवर सराटे आणि बाभळीचे काटे असतात. म्हणून एक जादा ट्यूब, पाना, सोल्यूशन आणि छोटा पंप पिशवीत ठेव. पंक्चर रस्त्यात काढत बसू नकोस, ट्यूब बदल आणि घरी जाऊन काढ.

हायवेवर दोन गोष्टींत मी तुला सूट देणार नाही. तुझं गाव उत्तरेला, म्हणजे सकाळी जायची बाजू दुभाजकापलीकडं. कट थोडा लांब असला की लोक तेवढं अंतर उलट्या दिशेनं जातात. पहाटेच्या अंधारात ते करू नकोस. समोरच्या ड्रायव्हरला त्या बाजूनं सायकल येईल असं वाटतच नसतं. उतरून, दोन्ही बाजू बघून, चालत ओलांड. दुसरं, मागचा लाल दिवा. या दिवसांत पावणेसहाच्या सुमाराला उजाडतं आणि तू ५ ला निघणार, म्हणजे पाऊण तास अंधार. बॅटरीवर चालणारा लुकलुकता दिवा सीटखाली लाव, मागच्या मडगार्डवर आणि पायडलवर रेडियमच्या पट्ट्या चिकटव. पायडलची पट्टी वर-खाली होते, ती ड्रायव्हरला लांबून कळते.

दुसरी पाळी, म्हणजे रात्री ११ ला सुटणारी, सायकलनं करू नकोस. घरी पोचायला रात्रीचे पाऊण वाजतील, झोप आलेली असेल आणि मालट्रकची तीच वेळ असते. त्या आठवड्यात शेंद्र्यात किंवा कुंभेफळला चार पोरांत खोली घे. एप्रिल-मे मध्येही दुपारचा पूर्ण पल्ला सायकलनं नको. पारा ४० च्या वर असताना दुपारी साडेतीनला डांबरावर २३ किलोमीटर जाणं म्हणजे कोणाला काही सिद्ध करून दाखवणं झालं, त्याची गरज नाही. एसटीनं ये, सायकल फाट्यावर ठेवून शेवटचे ४ तेवढे चालव. थोडं सायकलनं, थोडं एसटीनं, यात काही कमीपणा नाही. घरच्यांना हेच सांग, त्यांचा जीव रात्रीच्या रस्त्यावर अडकलेला असणार.

मुलाखतीत पगाराबरोबर हे विचार : पाळ्या दर आठवड्याला बदलतात की महिन्याला, बदनापूर-करमाडकडून कंपनीची बस आहे का, सायकल ठेवायला छपराचा स्टँड आहे का, आणि पाळीआधी हातपाय धुऊन कपडे बदलायला जागा आहे का. घामाच्या कपड्यांत ८ तास काढले की खाज-गजकर्ण होतं, म्हणून शेवटचा प्रश्न लाजून टाळू नकोस. आणि ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड कधी मिळेल ते विचार. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. २०१० साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही कामावरचा अपघात मानला जातो. मात्र अपघाताची वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दिसला पाहिजे. म्हणून रोज एकाच रस्त्यानं जा, हजेरीचं पंचिंग चुकवू नकोस, आणि नातेवाइकांकडं वळायचं असेल तर ते सुट्टीच्या दिवशी.

सोमवारी मात्र सायकल नेऊ नकोस. फाट्यावर ठेव, सकाळची एसटी धर, इस्त्रीचा शर्ट घाल, आयटीआयची मूळ कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घे. आणि बसमध्ये उजव्या खिडकीशी न बसता डाव्या बाजूला बस, म्हणजे रस्त्याच्या कडेची पट्टी कुठं रुंद आहे, कुठं तुटलीय, पंक्चरची दुकानं कुठं आहेत, हे करमाडच्या पुढचं तुला बघून ठेवता येईल. तो भाग तू अजून पाहिलेला नाहीस.