औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर ईसीटी, टीएमएस की केटामाइन?

दोन औषधे योग्य मात्रेत आणि पुरेसा काळ घेऊनही फरक पडला नाही, तर पुढे कोणता उपचार निवडावा, असे आपण विचारले आहे. निवडीपूर्वी थायरॉइड, व्यसन आणि बायपोलर विकाराची (कधी नैराश्य, कधी अतिउत्साह) शक्यता पुन्हा तपासून घ्यावी, कारण पुष्कळदा खरी अडचण तिथेच असते.

रुग्णाने अन्नपाणी सोडले असेल, भ्रम होत असतील किंवा आत्महत्येचा धोका मोठा असेल, तर माझ्या मते ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा प्रवाह देऊन झटका (फिट) आणण्याचा उपचार, लांबणीवर टाकू नये. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊन ती केली जाते, त्यामुळे झटका बहुधा पायाच्या बोटांच्या हालचालीत आणि ईईजीच्या (मेंदूतील विद्युत हालचालींच्या) आलेखावरच दिसतो; साधारण ६ ते १२ सत्रे लागतात. त्या काळातील आठवणी पुसट होतात, काहींच्या जुन्याही जातात, आणि हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे.

टीएमएसला, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंदने देऊन मेंदू उत्तेजित करण्याच्या उपचाराला, भूल लागत नाही, स्मरणशक्तीलाही सहसा धक्का बसत नाही. मात्र आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावे लागते.

केटामाइन या मूळच्या भुलीच्या औषधाचा परिणाम काही तासांत दिसू शकतो, पण तो टिकवण्यासाठी मात्रा पुन्हा पुन्हा द्यावी लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, भ्रम-भास नसलेल्या रुग्णांमध्ये शिरेतून दिलेले केटामाइन ईसीटीच्या तुलनेत उणे ठरले नाही. केटामाइनचेच एक रूप असलेल्या एस्केटामाइनच्या नाकातील फवाऱ्यानंतर रक्तदाब वाढू शकतो, म्हणून किमान दोन तास देखरेखीखाली थांबावे लागते.

ईसीटीनंतर औषधे बंद केल्यास आजार उलटण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा सत्रे संपली म्हणून उपचार थांबवू नयेत.