पापुद्रे सुटलेली पश्चिमेची भिंत

प्रश्न : आमचे घर चिऱ्याचे असून बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे. तीन वर्षांपूर्वी सर्व बाजूंनी रंगकाम केले होते, पण या पावसाळ्यानंतर पश्चिमेकडच्या भिंतीचे पापुद्रे सुटू लागले आहेत. सुटलेला रंग खरवडून, पुट्टी भरून दिवाळीपूर्वी दोन हात मारून देतो, असे रंगारी म्हणतो. तसे करावे काय?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : दिवाळीपूर्वी तरी करू नये. आपल्याकडे पाऊस वाऱ्यासह पश्चिमेकडून झोडपतो आणि चिऱ्याचा दगड, म्हणजे जांभा, पाणी धरून ठेवतो. गिलाव्याच्या बारीक भेगांतून आत गेलेले हे पाणी ऊन पडले की बाहेर येऊ पाहते आणि वाटेतला रंग उचलते. ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग लावला तरी तो पुन्हा सुटणारच.

प्रथम एक पापुद्रा काढून त्याची मागची बाजू पाहावी. तिला पांढरी भुकटी लागलेली असेल, तर जुना चुना किंवा भुसभुशीत झालेला रंग न काढताच वर नवा रंग चढवला गेला होता. वाळू चिकटून आली असेल, तर गिलावाच कच्चा आहे. तो ठोकून पाहावा आणि पोकळ आवाज येईल तेवढा भाग काढून नव्याने करावा. मागची बाजू स्वच्छ असून भिंतीवर मात्र लोणा (ओलीबरोबर बाहेर येणारे पांढरे क्षार) फुललेला दिसत असेल, तर ओल नक्की. अशा वेळी छज्ज्याचा उतार, गच्चीच्या कठड्याचा माथा आणि पावसाच्या पाइपाचे सांधे तपासावेत. पाण्याची वाट बंद झाल्यावर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून दुसऱ्या दिवशी पाहावा. आत दव धरले असेल, तर अजून थांबावे.

भिंत वाळल्यावर सुटा रंग पत्र्याने व तारेच्या ब्रशने काढावा. लोणा कोरडाच झाडावा, कारण धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. शेवाळावर ब्लीचिंग पावडरचे पाणी मारून काही वेळाने स्वच्छ धुवावे. भेगा थोड्या रुंद करून बाहेरच्या कामासाठी मिळणाऱ्या फिलरने भराव्यात. नवा गिलावा केला असल्यास प्रायमरपूर्वी किमान 28 दिवस जाऊ द्यावेत. पुट्टीचा आग्रह रंगारी धरतील, कारण भिंत गुळगुळीत दिसते, पण घरातल्या भिंतींसाठीची ॲक्रिलिक पुट्टी पावसात टिकत नाही. बाहेर ती वापरू नये.

त्यानंतर बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि एक्स्टिरिअर इमल्शनचे दोन हात पुरेत, मात्र दोन हातांमध्ये डब्यावर दिलेला वेळ पाळावा आणि रंगात पाणीही तिथे लिहिले आहे तेवढेच घालू द्यावे. पश्चिमेची भिंत सकाळी, सावलीत रंगवून घ्यावी. दुपारच्या तापलेल्या भिंतीवर रंग नीट पसरण्याआधीच सुकतो आणि ब्रशचे फराटे उमटतात.