क्लासचं नाव मी सांगणार नाही

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. मुलीची बारावी होऊन दोन वर्षं झाली, दोन्ही ड्रॉपमध्ये नीटला मेडिकलपुरते मार्क आले नाहीत, आता तिसऱ्यांदा बसवायचंय तर पुण्यात चांगला रिपीटर क्लास कुठला, असा तुमचा प्रश्न. मी क्लास सुचवणार नाहीये. पत्राच्या मध्येच तुम्ही सहज लिहून गेलात की ती दार लावून 'ते शेवाळाचे कागद' घेऊन बसते म्हणून तिच्या खोलीची कडी काढून टाकली आणि कागदांचं बाड माळ्यावर फेकलं. वीस वर्षांच्या मुलीच्या खोलीची कडी! मार्कांपेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटली. तुम्ही वाईट बाप आहात असं अजिबात म्हणत नाहीये, कोथरूडमधल्या फ्लॅटचे हप्ते भरून वर दोन वर्षं क्लासची फी भरायची म्हणजे काय ओढाताण होते ते कळतं मला, पण अख्ख्या पत्रात तिला काय हवंय यावर एक ओळ नाही, आणि ती हल्ली जेवताना कुणाशी बोलत नाही हे मात्र आहे. हे आळसाचं लक्षण नाही हो. कडी आजच बसवा. दोन-चार दिवस नीटचं नाव न काढता तिच्याशी बोला, आणि तिची झोप, खाणंपिणं बिघडलंय असं वाटलं तर डॉक्टरांना दाखवायला लाजू नका.

आता तो फोटो. मावशीकडे नॉर्वेत बर्गेनला सुट्टीत गेली आणि तिथून 'कचरा' घेऊन आली, याचा पुरावा म्हणून तुम्ही एका कागदाचा फोटो जोडलाय. मी तो मोठा करून बघितला. पांढऱ्या कागदावर केसांच्या झुपक्यासारखं तपकिरी काहीतरी पसरलंय, एकेक धागा सुटा. हे असं आपोआप होत नाही, ट्रेमध्ये समुद्राचं पाणी घेऊन, कागद खालून सरकवून, ब्रशने धागे मोकळे करत हळूच उचलावं लागतं, मग वर मलमलचं फडकं टाकून दाबून वाळवायचं. खाली लेबल आहे: जागा, तारीख, ओहोटीची वेळ, 'फ्यूकसवर वाढलेलं' (फ्यूकस म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवरचं मोठं तपकिरी शेवाळ). आणि पेन्सिलने, 'ताजं असताना बघितलं. पेशीत पट्ट्या नाहीत, बारीक चकत्या. बीजाणुधान्या धाग्याच्या मधेच, ओळीने. पायलाएला?'

या दोन ओळींसाठी मी तुम्हाला एवढं लांब उत्तर लिहितेय. एक्टोकार्पस आणि पायलाएला ही थंड समुद्रातली दोन धाग्यांची तपकिरी शेवाळं, नुसत्या डोळ्यांनी बहुतेकदा एकमेकांपासून वेगळी ओळखू येत नाहीत. एक्टोकार्पसच्या पेशीतली हरितलवकं (अन्न बनवणारे भाग) पट्टीसारखी असतात आणि बीजाणुधान्या (बीजाणू तयार होतात त्या पिशव्या) बाजूच्या फांद्यांवर किंवा टोकाला येतात, पायलाएलात चकत्या असतात आणि बीजाणुधान्या धाग्याच्या मध्ये साखळीने. वाळल्यावर हरितलवकांचा आकार नीट कळत नाही, म्हणजे पोरीने तिथेच, ओलं असतानाच मायक्रोस्कोपखाली बघितलंय. आणि खात्री नव्हती तिथे प्रश्नचिन्ह टाकलंय. हे तिला कुणीही शिकवलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय, 'या सगळ्याला गोऱ्यांनी कधीच नावं देऊन ठेवलीत, आता तिथे काय उरलंय?' हा गैरसमज मात्र काढून टाका. एक्टोकार्पस ही प्रजाती डेन्मार्कच्या लिंगब्यूने १८१९ मध्ये मांडली हे खरं. पण हे शेवाळ ऋतू, तापमान बदललं की रूप बदलतं, त्यामुळे एकाच शेवाळाला भरमसाठ नावं पडली, आणि पुढे डीएनए तपासल्यावर उलटंच दिसलं, एका नावाखाली कितीतरी वेगळ्या जाती लपल्यात. २०१० मध्ये एक्टोकार्पसचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए वाचून, प्रसिद्ध झाला, तपकिरी शेवाळातला पहिलाच. तो नमुना पेरूच्या किनाऱ्यावरचा, तेव्हा त्याची जात एक्टोकार्पस सिलिक्युलोसस म्हटली होती, आणि नंतर लक्षात आलं की ती जात सिलिक्युलोसस नाहीच! ज्याचा जीनोम वाचून झालाय त्याचं नाव जर बदलावं लागतं तर काम संपलं कसं म्हणायचं? आणि हो, ही शेवाळं खरं तर वनस्पतीही नाहीत, डायटम नावाच्या पाण्यातल्या सूक्ष्म, एकपेशीय जिवांच्या जवळची आहेत, त्यामुळे 'बॉटनीला स्कोप नाही' हे इथे लावूच नका.

रस्ता: आयसर या सरकारी विज्ञान संस्थांची प्रवेशपरीक्षा आयएटी (बारावी कधी झाली याची अट असते, तिसऱ्या ड्रॉपआधी ती बघा), नाहीतर पुण्यातच बीएस्सी, मग एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम, मग पीएचडीसाठी नेट. नुसत्या वर्गीकरणाच्या नोकऱ्या कमी आहेत, पीएचडीशिवाय भागत नाही आणि तिशीपर्यंत हातात फार पैसा नसतो, हे तिलाही स्पष्ट सांगा. पण शेवाळांवर भावनगरच्या सीएसएमसीआरआय या मीठ आणि सागरी रसायनांच्या संशोधन संस्थेत काम चालतं, गोव्याला एनआयओ ही समुद्रविज्ञान संस्था आहे, आणि उत्तरेचीच ओढ असेल तर आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून आपलं हिमाद्री संशोधन केंद्र आहे.

तोवर कोकण आहेच की. पावसाळा संपल्यावर ओहोटीला रत्नागिरीच्या खडकांवर जाऊ द्या तिला, तिथेही धाग्यांची तपकिरी शेवाळं मिळतात. मालवणला सागरी अभयारण्य आहे, तिथून परवानगीशिवाय काही उचलायचं नाही. माळ्यावरचं बाड मात्र आत्ताच काढा, पावसाळ्यात बुरशी लागली तर गेलंच सगळं. कोरड्या कपाटात ठेवा, डांबराच्या गोळ्या टाकून.

पुढचं पत्र तिला लिहू दे, तुम्ही न वाचता. तिला डीएनए, कॉम्प्युटर, आकडेमोड यात रस आहे की किनाऱ्यावर आणि मायक्रोस्कोपवरच, हे मला तिच्याकडून कळायला हवं, आयसर की बीएस्सी ते त्यावर ठरेल.