झडप डुकराची की गाईची? आणि किडनीचं काय?

प्रश्न: आई 70 वर्षांची आहे. हृदयाची महाधमनीची झडप बदलायची आहे. सर्जन ‘टिश्यू झडप’ म्हणतात. ती डुकराची असते म्हणे. आमचं घर शाकाहारी. आणि परक्या प्राण्याचा भाग शरीर स्वीकारेल का? (धंतोली)

उत्तर: डुकराचीच असेल असं नाही. काही झडपा डुकराच्या हृदयातून काढलेल्या असतात, तर काहींच्या तीन पाकळ्या गाय-बैलाच्या हृदयावरच्या आवरणातून कापून शिवलेल्या असतात. कुठली बसवणार हे ऑपरेशनच्या आधीच्या भेटीतच विचारून घ्या, टेबलावर नाही. दोन्ही नको असतील तर कार्बनची यांत्रिक झडप आहे. पण तिच्यासोबत वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम हे रक्त पातळ करणारं औषध जन्मभर घ्यावं लागतं, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) तपासत राहून तो साधारण 2 ते 3 मध्ये ठेवावा लागतो. सत्तरीत पडझड, रक्तस्राव ही भीती मोठी, म्हणून 65 च्या पुढे डॉक्टर टिश्यूकडे झुकतात. आम्हालाही तेच पटतं. शिवाय ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपरिनही सहसा डुकराच्या आतड्यातूनच काढलेलं असतं, त्यामुळे प्राण्याचा अंशही नको म्हटलं तर ऑपरेशनच अडतं.

शरीर ती झडप फेकून देत नाही, कारण ती जिवंत नसते. ग्लुटराल्डिहाइड या रसायनात ठेवून तिच्यातलं कोलॅजन हे प्रथिन घट्ट बांधलेलं असतं, चामडं कमावतात तसं. पेशी मेलेल्या, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागत नाहीत. झडप बहुधा बरणीत द्रावणात बुडवून येते. अशी झडप थिएटरमध्ये नर्स सलाइनच्या भांड्यांमध्ये एकामागून एक खळाळून धुते, कारण उरलेलं रसायन ऊतींना चावतं. शिवेपर्यंत अशी झडप ओलीच ठेवायची, पाकळी वाळली की खराब झाली.

मेलेल्या पाकळीला स्वतःची डागडुजी जमत नाही. हळूहळू कॅल्शियम साचतं, पाकळ्या कडक होतात किंवा फाटतात. साधारण 10 ते 15 वर्षं धरून चाला. तरुणांत आणि डायलिसिसवरच्या रुग्णांत हे लवकर होतं. आईला जिना चढताना पुन्हा धाप लागली, पाय सुजले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता इको (हृदयाची सोनोग्राफी) करा.

प्रश्न: भाऊ 42 वर्षांचा, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. झेडटीसीसीच्या (अवयव वाटपाचं विभागीय केंद्र) किडनीच्या प्रतीक्षायादीत नाव आहे. अमेरिकेत डुकराची किडनी बसवतात, तिची वाट पाहावी का? (मानेवाडा)

उत्तर: नाही. ही किडनी जिवंत असते, सगळी अडचण तिथेच आहे. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची साखर असते. आपल्या रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तिच्यावर तुटून पडतात आणि मिनिटांत-तासांत किडनी काळवंडते. म्हणून त्या साखरेचं जनुक काढलेली डुकरं तयार केली गेली. मार्च 2024 मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये 69 जनुकीय बदल केलेली किडनी बसवली. रुग्ण जवळपास दोन महिन्यांनी गेला, मात्र त्याला किडनी कारणीभूत असल्याची खूण नसल्याचं हॉस्पिटलने सांगितलं. तिथेच जानेवारी 2025 मध्ये बसवलेली दुसरी 271 दिवस चालली, मग काढावी लागली. भारतात हा उपचार उपलब्ध नाही. 1997 मध्ये आसामात डुकराचं हृदय बसवलेला रुग्ण आठवड्याभरात दगावला आणि डॉक्टरला अटक झाली.

भावाने यादीतला मोबाइल नंबर बदलला तर हॉस्पिटलला लगेच कळवावं. रक्त चढवणं शक्य तितकं टाळा. त्याने प्रतिपिंडं वाढतात आणि जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. हिमोग्लोबिनसाठी एरिथ्रोपोएटिन या रक्त वाढवणाऱ्या इंजेक्शनबद्दल विचारा. घरातल्या कुणाचा रक्तगट जुळत नसेल तर स्वॅपची, म्हणजे दोन कुटुंबांनी आपसात दात्यांची अदलाबदल करण्याची, चौकशी करा.

प्रश्न: टिश्यू झडप बसवलेल्याने दात काढताना काही घ्यावं लागतं का? (इतवारी)

उत्तर: हो. दाढ काढायच्या 30 ते 60 मिनिटं आधी ॲमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक 2 ग्रॅम, म्हणजे तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर बसत नाहीत, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर डॉक्टर दुसरं देतील. दंतवैद्याला झडपेचं कार्ड आधीच दाखवा.