मागच्या रुपयाचा हिशेब

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. रौप्यमहोत्सवी मेळाव्याच्या निमित्ताने तू एका माजी विद्यार्थ्याला देणगीसाठी फोन केलास, त्यांनी ‘दहा वर्षांपूर्वी आम्ही दिलेल्या पैशांचे काय झाले?’ एवढेच विचारले आणि ‘बघून सांगतो’ म्हणून तू फोन ठेवलास. त्यानंतर आठ दिवस तू एकही फोन केलेला नाहीस आणि अशा वेळी नेमके काय उत्तर द्यावे, असे मला विचारतो आहेस.

उत्तराची युक्ती मी सांगणार नाही. तो प्रश्न खरे म्हणजे मला विचारलेला होता. दहा वर्षांपूर्वीच्या त्यांच्या मेळाव्याच्या वेळी विद्यापीठाच्या या व्यवस्थापन विभागात माजी विद्यार्थ्यांचे काम मीच पाहत होते. त्या बॅचने अकरा लाख रुपये जमवले, ते मुदत ठेवीत ठेवून व्याजातून दरवर्षी दोन विद्यार्थ्यांची अर्धी फी भरायची, असे ठरले. दोन वर्षे तसे झाले. तिसऱ्या वर्षी ठेवीचे नूतनीकरण होताना ती रक्कम विद्यापीठाच्या सर्वसाधारण ठेवींत मिसळली गेली आणि विभागाकडे व्याज येणे थांबले. मी टिप्पणी लिहिली, ती वित्त विभागाकडे गेली आणि तिथेच राहिली. पुढच्या बॅचचा मेळावा तोंडावर होता, ‘आता हा विषय नको’ असे मला सांगण्यात आले, आणि मी गप्प राहिले. एवढेच नव्हे, तर त्या वर्षीच्या माहितीपत्रकावर त्याच दोन जुन्या विद्यार्थ्यांचे हसरे छायाचित्र मी स्वतः निवडून छापायला दिले. नोकरीत मी बऱ्याच चुका केल्या. त्यांतली हीच एक अजून झोपू देत नाही.

म्हणून तुला एकच गोष्ट सांगायची आहे. मागच्या रुपयाचा हिशेब दिल्याशिवाय पुढचा रुपया मागायचा नाही.

तू लिहितोस की आपल्याकडची माणसे हार्वर्डला देतात आणि आपल्याला देत नाहीत. २०१० साली टाटा समूहाने हार्वर्ड बिझनेस स्कूलला पाच कोटी डॉलर दिले, तेव्हा आपल्याकडेही पुष्कळांनी हीच तक्रार केली होती. रतन टाटा तिथे १९७५ साली काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी गेले होते. त्या काही आठवड्यांचे नाते पस्तीस वर्षे टिकले, आणि दिलेल्या पैशांतून टाटांच्या नावाची इमारत पुढच्या तीन-चार वर्षांत उभी राहिली. आपण आपल्याकडे दोन वर्षे शिकलेल्या मुलाचा बदललेला फोन नंबरसुद्धा नोंदवून ठेवत नाही. तक्रार करण्याआधी हे पाहा.

आणि हे सारे परदेशातून शिकायला हवे असेही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडात घराघरातून मूठभर धान्य गोळा होई आणि ते वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणात जाई. मूठ देणाऱ्या बाईला वेगळा अहवाल पाठवावा लागत नव्हता, कारण तिचे धान्य कोणाच्या पोटात गेले हे तिला समोर दिसत होते. आपला देणगीदार न्यू जर्सीत नाहीतर बंगळुरूत बसलेला असतो. त्याला जे दिसत नाही, ते दाखवणे हेच तुझे काम आहे. हे काम नीट केलेस, तर मागणे तुला भीक मागण्यासारखे वाटणार नाही. तुझ्या मनात जो संकोच आहे, तो मागण्याचा नसून हिशेब हाती नसताना मागण्याचा आहे.

सभागृहांना नावे देण्याची जी योजना तुमच्याकडे चालली आहे, तिच्याबद्दल तू उत्साहाने लिहिले आहेस. नाव देण्यात गैर काही नाही. आई नाथीबाईंच्या नावासाठी विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली पंधरा लाख रुपये दिले आणि कर्व्यांचे महिला विद्यापीठ त्यावर उभे राहिले. पण सगळे नावासाठीच देतात, हा समज सोड. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलला २००७ साली तेरा माजी विद्यार्थ्यांच्या गटाने साडेआठ कोटी डॉलर दिले, ते किमान वीस वर्षे स्कूलला कोणाचेही नाव दिले जाऊ नये म्हणून. आधी दगडावर नावे कोरायची आणि पैशांचा माग मात्र कोणालाच लावता येऊ नये, हे मला सहन होत नाही.

कागदांबाबत तू फार हयगय करतोस, हे तुझ्या पत्रावरून दिसते. अमेरिकेत राहणाऱ्या माणसाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळते ते) असूनही ती परकीय ठरते आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा सूट असावी लागते. हे पैसे आल्यावर विचारायचे नसते, फोन करण्यापूर्वी माहीत असावे लागते. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदाराला मिळणाऱ्या ‘८०जी’च्या प्राप्तिकर सवलतीसाठी नुसती पावती पुरेनाशी झाली, १०बीई प्रमाणपत्र लागू लागले. त्या पहिल्या वर्षी ते ३१ मेच्या आत प्रत्येकाला पोचावे म्हणून मी लेखा विभागाच्या दारात दिवसचे दिवस बसून राहिले. प्रमाणपत्र वेळेवर पाठवणे हाही हिशेबच आहे. कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी द्यायच्या पैशांबद्दल विचारले आहेस, त्याचे एका वाक्यात सांगते: तो पैसा कंपनीचा असतो, माजी विद्यार्थ्याचा नव्हे, आणि दोन्ही आकडे एकत्र करून संचालकांना खूश करू नकोस.

पुढे माझ्यात जो हट्ट आला, तो त्या माहितीपत्रकानंतर आला. एका वर्षी मी साफ सांगितले की आधीच्या तीन बॅचना त्यांच्या निधीचे पत्र गेल्याशिवाय नवे आवाहन निघणार नाही. पत्रे जायला सात महिने लागले. त्या वर्षी विभागाची देणगी माझ्या कारकिर्दीतली सर्वांत कमी झाली, आणि त्यानंतर मला या कामावरून बाजूला करण्यात आले. मी चुकले असे मला आजही वाटत नाही. त्या पत्रांना आलेली उत्तरे मी जपून ठेवली आहेत. त्यांत ‘इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी काही न मागता लिहिले’ असे एकापेक्षा अधिक लोकांनी म्हटले आहे. ज्यांनी मला बाजूला केले, त्यांनी ही उत्तरे वाचलीसुद्धा नाहीत.

मात्र त्या तीन बॅचमध्ये तुला प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांची बॅच नव्हती. ताळमेळ लागला नव्हता, अर्धवट आकडे कसे पाठवायचे, असे मी स्वतःला सांगत राहिले, आणि हे लिहायला बसेपर्यंत ते कारण मला पटतही होते. आता पटत नाही. किती आले, किती वर्षे शिष्यवृत्ती दिली, कोणत्या वर्षापासून थांबली आणि आपण काय पाठपुरावा केला, एवढे तरी मी त्यांना लिहायला हवे होते. अपुरा हिशेब हादेखील हिशेबच असतो.

तेव्हा माहितीपत्रक नव्याने छापण्याची, भाषा आकर्षक करण्याची जी चर्चा तू चालवली आहेस, ती बंद कर. कपाटाच्या खालच्या कप्प्यात निळ्या बांधणीची जावक नोंदवही आहे, तिच्यात माझ्या टिप्पणीचा क्रमांक सापडेल. तो घेऊन वित्त व लेखा अधिकाऱ्यांना समक्ष भेट आणि ठेवीची आजची स्थिती लेखी माग. पंधरा दिवसांत उत्तर आले तर उत्तम, नाही आले तरी त्या गृहस्थांना फोन कर, जे माहीत आहे ते सगळे सांग आणि त्या फोनवर एक रुपयाही मागू नकोस. माझे नाव सांग. त्यांना माझ्याशी बोलायचे असेल, तर माझा नंबर त्यांना दे.